मुलांना सुतारकाम शिकवायचंय? आधी लाकूड हलणं थांबवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं युवक मंडळ, 11 ते 16 वयाची सोळा मुलं-मुली, दर रविवारी दोन तास, जागा मंदिरामागचा हॉल आणि देणगीतून आलेली बेताची रक्कम. दिवाळीपर्यंत प्रत्येकाच्या हातून घरी नेण्याजोगी एक तरी वस्तू व्हावी अशी इच्छा. सोबत खरेदीची यादीही दिली आहे: हातोड्या सोळा, करवती सोळा, पटाश्यांचे संच चार, एक ड्रिल मशीन, एक कटर मशीन, प्लायचे दोन तक्ते.

या यादीवर दुकानदार खूश होईल. पण तिच्यात लाकूड धरून ठेवणारी एकही वस्तू नाही आणि धार लावायचा दगडही नाही. शाळांमधून, शिबिरांतून मी इतकी वर्षं हेच शिकवतोय. मुलं कंटाळतात किंवा हात कापून घेतात तेव्हा कारण बहुतेक वेळा या दोनांपैकीच एक असतं: लाकूड हलत होतं, नाहीतर हत्यार बोथट होतं. मूल धडपडं आहे, मन लावत नाही, हे आपण नंतर म्हणतो.

तेव्हा आधी पकडीचं बघू. आपला जुना सुतार जमिनीवर बसतो, लाकूड पायाच्या अंगठ्यात आणि टाचेखाली दाबतो आणि तसाच पटाशी चालवतो. बघायला फार सुंदर. पण त्या पायामागे जन्माची सवय आहे. मुलांनी हे बघितलेलं असतं, त्यामुळे हॉलमध्ये शहाबादी फरशी दिसली की ती मांडी ठोकतात आणि लाकूड मांडीत घेतात. पटाशी निसटली तर ती थेट मांडीत जाते. तुमच्याकडे पहिला नियम हाच असू द्या: पटाशी आणि करवत जमिनीवर बसून चालवायची नाही, कोणीही नाही, मदतीला आलेल्या मिस्त्रींनीही नाही.

म्हणजे टेबलं लागणार. चार पुरेत. शाळेतले जुने बाक डुगडुगतात, ते नकोत. चौकटीला जाड पाय, वर 18 मिमी प्लायचे दोन थर चिकटवून-स्क्रू मारून, आणि मागची बाजू भिंतीला अँगलने आवळलेली. उंची किती? मूल सरळ उभं राहून हात खाली सोडेल तेव्हा मनगट जिथे येतं तिथपर्यंत. तुमच्या वयोगटाला 28 ते 30 इंच जमून जाईल, बुटक्या मुलांसाठी पायाखाली एक फळी. प्रत्येक टेबलाला दोन शेगडे, म्हणजे दुकानात ज्याला वाइस म्हणतात ते. लोखंडी जबड्यांना आतून प्लायचे तुकडे लावा, नाहीतर लाकडावर दातांचे वळ उठतात. शेगड्यांवर पैसे खर्च करा. करवती आठ आणल्या तरी चालतील.

शिवाय प्रत्येक जोडीला एक ठेपा. इंग्रजी पुस्तकांत बेंच हुक म्हणतात तोच. 10 इंच बाय 7 इंचाचा प्लायचा तुकडा, एका टोकाला वरच्या अंगाने एक पट्टी, दुसऱ्या टोकाला खालच्या अंगाने दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवायचं, डाव्या हाताने दाबायचं आणि कापायचं. पुढे ढकलताना करवतच लाकूड पट्टीवर दाबून धरते. वरची पट्टी उजव्या टोकाला इंचभर आखूड ठेवा, म्हणजे काप पूर्ण झाल्यावर करवत प्लायवर उतरते, टेबलावर नाही. आणि डावखुऱ्या मुलांसाठी ती डावीकडून आखूड केलेले एक-दोन ठेपे आठवणीने बनवा. सोळांत एक-दोन डावखुरी निघतातच. बिचारी उजव्या ठेप्यावर आडवंतिडवं वळून कापत राहतात आणि आपण त्यांनाच 'नीट उभा राहा' म्हणून ओरडतो.

सोळा मुलं एकदम घेऊ नका. आठ-आठच्या दोन तुकड्या, प्रत्येकी दीड तास. तुमचा रविवार एका तासाने लांबेल. सहा मुलांमागे एक जाणता माणूस हे माझं माप आहे. आठांमागे तुम्ही आणि आणखी एक जण, बस. एका करवतीवर दोघं: एक कापतो, दुसरा बाजूने बघून पातं उभं आहे की कलतंय ते सांगतो. दर पाच मिनिटांनी अदलाबदल, तीही घड्याळ लावून. मुलगा-मुलगी जोडीत असतील तर घड्याळ नसताना काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल. करवत त्याच्याकडे आणि लाकूड धरायचं काम तिच्याकडे, तासभर.

आता धार. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेलं हत्यारच निसटतं. धारदार पटाशी कमी धोक्याची, हे पालकांना पटवायला वेळ लागतो. एकदा त्यांच्यासमोर पाइनच्या तुकड्याच्या आडव्या टोकावरून, म्हणजे जिथे नसा उघड्या दिसतात तिथून, कागदासारखी चकती सोलून दाखवा. बोथट हत्याराने तिथे नुसता भुगा होतो. धार लावणं पहिल्या वर्षी मुलांवर टाकू नका, ते शनिवारी संध्याकाळचं तुमचं काम. दुहेरी दगड, एक बाजू जाडी आणि एक बारीक, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर दोन हात.

पटाश्या 6, 12 आणि 18 मिमीच्या, प्रत्येकी चार. जुन्या मिळाल्या तर उत्तम. पुण्याच्या बाजूचे असाल तर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चक्कर मारा. पाठ सपाट आहे का आणि धारेजवळ गंजाचे खड्डे आहेत का, एवढंच बघायचं. पाठीला खड्डे असतील तर धार कधीच एकसंध येणार नाही. दांडा फुटका असेल तर हरकत नाही, तो बदलता येतो. करवतीचं मात्र उलटं. ज्यांचे दात काळसर-निळसर दिसतात त्या नव्या करवतींचे दात कडक केलेले असतात. कानशीने त्यांना पुन्हा धार लागत नाही, पण मुलांच्या हाती पुष्कळ टिकतात. बारीक दातांच्या घ्या, दहा-बारा इंची, पाठीवर लोखंडी पट्टी असलेल्या. ओढून कापायच्या जपानी धर्तीच्या करवतीही हल्ली मिळतात. पातं ओढताना ताणलेलं राहतं, वाकत नाही, म्हणून अकरा-बारा वर्षांच्यांना त्या सोप्या जातात. मी दोन ठेवतो.

गावातल्या मिस्त्रींना जरूर बोलवा, आणि फुकट नको, मानधन देऊन. पण माणूस बघून. साईटवरच्या बहुतेक तरुण सुतारांचा हात आता प्लाय, सनमायका आणि मशीनवर बसलाय, त्यात ते वाकबगार असतात, तुम्हाला ते नकोय. ज्याने दाराच्या चौकटी हाताने जोडल्यात, बैलगाडीची कामं केलीत, असा पन्नाशी-साठीचा माणूस शोधा. त्यांची एकच अडचण असते: ते करून दाखवतात आणि भराभर दाखवतात. 'असं, असं आणि असं, झालं.' त्यांना आधीच विनंती करा की, दादा, एक हात मारला की थांबायचं आणि मुलांना विचारायचं.

यादीतलं कटर मशीन काढून टाका. साईटवर ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून, झाकण काढून फळ्या कापतात, ते मुलांनी पाहिलेलं असतं आणि त्यांना तेच हवं असतं. ते पातं लाकडात अडकलं की मशीन उसळी घेऊन माणसाकडे येतं. तुमच्या हॉलमध्ये ते आणूच नका, स्वतःच्या कामासाठीही नाही. ड्रिलही हाताने फिरवायचं घ्या. दात्यांचं चाक फिरताना मुलांना दिसतं, आणि लाकूड कडक की मऊ हे हाताला कळतं.

लाकूड पाइनचं घ्या, नव्या सागाचा मोह नको. साग महाग तर आहेच, शिवाय त्याच्यात वाळूसारखा सिलिका असतो, तो धार खातो. यंत्रांच्या पेट्यांचं आणि पॅलेटचं पाइन एमआयडीसीजवळ कुठेही मिळतं. आयात पॅलेटवर कणसाच्या चित्रासारखा शिक्का असतो, त्यात 'एचटी' लिहिलं असेल तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते सोडून द्या. फळीवरून चुंबक फिरवा, राहिलेले खिळे सापडतात. गाठी असलेला भाग मुलांना देऊ नका. शिवण मिळाली तर सोनं, हलकी आणि गुणी. आंबा चालतो, पण पूर्ण वाळलेला हवा. बाभूळ नको, ती मुलांचा घाम काढेल. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेला तक्ता, मुळीच नको: नस नाही, म्हणून शिकण्यासारखं काही नाही, आणि भुसा नाकातोंडात जातो.

पहिले दोन रविवार फक्त आखणी आणि करवत. मुलं कुरकुरतील, पालक विचारतील की खुर्ची कधी. 2 इंच बाय 1 इंचाची दीड फुटी पट्टी द्या. आधी सूत शिकवा: आठ सूत म्हणजे एक इंच. शाळेतल्या मिलिमीटरवाल्या मुलांना याची गंमत वाटते, आणि मिस्त्रींची भाषाही कळायला लागते. पट्टीवर तीन-तीन सुतांवर खुणा, खुणेवर गुण्या, आणि रेघ पेन्सिलीने नको, कागद कापायच्या कटरच्या पात्याने. चारही बाजूंनी फिरवून आणलेली रेघ सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळाली तर गुण्या नीट धरला होता. नाही मिळाली तर पट्टी वेडीवाकडी आहे किंवा गुण्या घसरला. कोणतं, ते मुलालाच शोधू द्या. या एका गोष्टीवर मी अर्धा तास घालवतो.

मग काप. करवत मुठीत आवळायची नाही: तीन बोटं आणि अंगठा दांड्यावर, तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ. डाव्या अंगठ्याचं पेर पात्याला टेकवून पहिले दोन-तीन हात उलटे, आपल्याकडे ओढायचे, म्हणजे खाच पडते. मग पुढे. डाव्या पायाचा पंजा पुढे, उजवं कोपर करवतीच्या रेषेत. कोपर बाहेर गेलं की काप तिरका गेलाच म्हणून समजा. जोर लावायचा नाही, पात्याची पूर्ण लांबी वापरायची. मुलं मधल्या चार इंचातच खसाखसा घासतात. त्यांना कान लावायला सांगा: नीट चाललेल्या करवतीचा आवाज लांब आणि एकसारखा येतो. शेवटची दोन सुतं राहिली की हात हलका, नाहीतर खालची चिपळी उखडते. आणि रेघेवर कापायचं नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूला कापायचं. करवत स्वतःही लाकूड खाते हे मुलांच्या ध्यानात येत नाही, म्हणून सगळे तुकडे आखूड येतात आणि ती मोजपट्टीला दोष देतात.

या तुकड्यांचं काय करायचं? डॉमिनो. एका संचात 28 सोंगट्या लागतात आणि एका पट्टीत तेवढ्या निघतात. सगळ्या सोंगट्यांवर मिळून 168 ठिपके असतात, ते तिसऱ्या रविवारी हाताच्या ड्रिलने पाडायचे. आधी टोच्याने खूण, मग 4 मिमीचं पातं, टोकापासून जेमतेम सूतभरावर चिकटपट्टीचा झेंडा, म्हणजे खोली कळते. एवढी भोकं पाडल्यावर ड्रिल उभं धरायला वेगळं शिकवावं लागत नाही. पहिली आणि शेवटची सोंगटी प्रत्येकाने नाव घालून ठेवावी. तुमच्या शाबासकीपेक्षा त्या दोन शेजारी ठेवलेल्या जास्त बोलतात.

खिळे एका तासात आटपतात. फळीच्या टोकाजवळ खिळा मारायचा असेल तर त्याचं टोक आधी दगडावर ठेवून हातोडीने किंचित चपटं करायचं. टोकदार खिळा नसा फाकवत जातो आणि फळी चिरते, चपटा खिळा नसा तोडत जातो. लहान खिळा बोटांऐवजी जुन्या कंगव्याच्या दात्यांत धरायचा.

पटाशी चौथ्या रविवारी. नियम दोनच, आणि ते रोज म्हणवून घ्या. लाकूड शेगड्यात. दोन्ही हात धारेच्या मागे. काम म्हणून गरम पातेलं ठेवायचा क्रॉस स्टँड करून घ्या: आठ-आठ इंचाच्या दोन पट्ट्या, मधोमध दोन्हींची अर्धी-अर्धी जाडी काढून एकमेकींत बसवलेल्या. खाचेच्या दोन्ही कडा करवतीने, त्यांच्यामध्ये आणखी दोन-तीन काप, आणि मग मधलं लाकूड पटाशी आणि लाकडी हातोड्याने. अर्ध्यापर्यंत एका बाजूने, उरलेलं दुसऱ्या बाजूने, आरपार मारलं तर पलीकडची कड फुटते. जोड हाताने दाबून बसला पाहिजे. ढिला झाला तर पुन्हा नवी पट्टी. फेविकॉल आणि भुशाची लापशी भरून दडवू देऊ नका. पट्टी स्वस्त आहे, आणि आठवीतलं पोर एकदा दडवायला शिकलं की मापाकडे बघणं सोडतं.

दिवाळीपर्यंतच्या वस्तूचं म्हणाल, तर पाट. मोबाइल स्टँड आणि पक्ष्यांची घरटी सगळे करून घेतात. पाट प्रत्येक घरात वापरला जातो, आणि लाकडाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यात लपलेली आहे. 7 इंच रुंद, 18 इंच लांब, रंधा मारल्यावर सहा सूत जाड राहतील अशा दोन फळ्या. खाली दोन आडव्या पट्ट्या, 2 इंच रुंद, दीड इंच जाड, 13 इंच लांब, टोकांपासून तीन इंच आत. दोन फळ्यांमध्ये सूतभर फट मुद्दाम ठेवायची.

ही फट कशाला, हे मुलांना जोडण्याआधी विचारा. पावसाळ्यात दार फुगून घट्ट होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते फक्त रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, हे कोणी पाहिलेलं नसतं. चौदा इंच रुंदी उन्हाळा ते पावसाळा सूतभर तरी हलते. आता खालची पट्टी फळीला आडवी आहे, तिची लांबी हलत नाही. दोन्ही घट्ट आवळले तर फळी कुठेतरी चिरणारच. म्हणून प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीत दोन स्क्रू, फटीजवळचं भोक गोल, बाहेरचं लांबट: दोन भोकं शेजारी-शेजारी पाडून मधलं काढून टाकायचं, लांबी पट्टीच्या लांबीच्या दिशेने. स्क्रू खालून, 2 इंची, म्हणजे दीड इंच पट्टीत आणि अर्धा इंच फळीत. डोकं सूतभराहून जास्त खोल बसवू नका, नाहीतर टोक वर बसणाऱ्याला टोचेल. आणि पट्टी-फळीच्या मध्ये फेविकॉल लावायचा नाही. मदतीला आलेला कुणीतरी 'पक्कं होईल' म्हणून लावायला जाईल, त्याला अडवा.

पाटाच्या फळ्यांनाच रंधा मारून घ्या, त्याआधी नको, कारण रंध्याला अंगाचं वजन लागतं. सुरुवातीला दाब पुढच्या हातावर, शेवटी मागच्या. नस उलटी लागली की रंधा अडखळतो आणि खरवडतो. फळी फिरवायची, इतकंच.

चपला घालून आलेल्या मुलाला परत पाठवा, बूट घालून ये म्हणावं. टेबलावरून पडणारी पटाशी धारेवरच पडते. ओढणी, सुटे केस, मनगटातले दोरे, राखी, सगळं आवरायचं किंवा काढायचं. खिळे आणि ड्रिलच्या वेळी चष्मे. ड्रिल फिरवताना हातमोजे घालायचे नाहीत. धनुर्वाताची लस सरकारी वेळापत्रकात 10 आणि 16 व्या वर्षी असते. नाव नोंदवतानाच पालकांना विचारून ठेवा.

पालकांवरून आठवलं. 'आमच्या पोराला काय सुतार करायचंय का?' हा प्रश्न येईल, आणि त्यात जात बोलत असते. मी वाद घालत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावं असं म्हटलंय आणि त्यात सुताराचं नाव आहे, तेवढं सांगतो. कधी जमलं तर पालकांसकट शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम बघून या. डॉ. श्रीनाथ कालबागांनी 1983 साली ते सुरू केलं, हाताने काम करत शिकायचं, हाच तिथला पाया. आणि मिस्त्रींची ओळख मुलांना करून देताना 'सर' म्हणूनच करून द्या.

शेवटचं, पॉलिश. 80, 120, 180 असे पॉलिश पेपर, नसेच्या दिशेनेच. मग जवसाचं तेल फडक्याने, अर्ध्या तासाने जादाचं पुसून घ्यायचं. ती तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मोकळी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका. हॉल मंदिराचा आहे, तेव्हा हे काम कुलूप लावण्याआधी तुम्ही स्वतः करा, मुलांवर सोपवू नका.